गालिच्याचं माहेर

"नलवडे, उठा," मी मराठीत म्हणाले. "लोक बघतायत."

नलवडे उठले नाहीत. सोहराब खानच्या तंबूत, भर दुपारी, खुद्द सोहराब खानच्या पायांपाशी ते पालथे पडले होते आणि त्यांचं नाक गालिच्यात रुतलेलं होतं. त्यांनी एक लांब श्वास घेतला, मान वळवून दुसऱ्या नाकपुडीने आणखी एक घेतला.

"बकरी," ते म्हणाले.

"काय?"

"बकरीचा वास येतोय, बाई. मेंढीचा न्हवं. तुम्ही घ्या बघू वास."

मी घेतला नाही. मी खानकडे बघून हसले. खान हसला नाही. त्याला हसताच येत नव्हतं, कारण त्याचा उजवा गाल कलिंगडासारखा फुगला होता आणि त्या बाजूचा डोळा मिटत चालला होता. आम्हाला बोलावलं होतं ते ह्या गालासाठी, गालिच्यासाठी नव्हे.

ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. त्या काळी इराणच्या सरकारला डॉक्टर कमी पडत होते आणि आपल्याकडचे पुष्कळजण तिकडे जात होते. मी मिरजेची, बाळंतपणं करणारी. दक्षिण इराणातल्या एका लहानशा गावच्या दवाखान्यात मला नेमलं होतं. तिथे दातांचे डॉक्टर म्हणून गडहिंग्लजचे हणमंतराव नलवडे आधीपासून होते. देशापासून एवढ्या लांब कुणीतरी मराठी बोलणारं भेटलं ह्याचा मला फार आनंद झाला होता. तो आठवडाभर टिकला.

नलवड्यांना गालिच्यांचं वेड होतं. डोंगरात फिरणाऱ्या टोळ्यांच्या बायका हाताने विणतात ते जुने गालिचे बघायचे, आणि हा कुठल्या टोळीचा, कुठल्या खोऱ्यातला, ते सांगायचं. हे ज्ञान त्यांनी शिराझमध्ये घेतलेल्या एका जाडजूड पुस्तकातून मिळवलं होतं. पुस्तक जर्मन भाषेत होतं. नलवड्यांना जर्मन येत नव्हतं. "चित्रं हायत की," ते म्हणायचे. एकदा बाजारात त्यांनी कारखान्यातून आलेल्या, मशीनवरच्या गालिच्याला शंभर वर्षांपूर्वीचा बलुची ठरवलं, तेव्हा दुकानदाराने त्यांच्या दोन्ही गालांचे मुके घेतले होते.

तर वसंतात कश्काई लोक गरम मैदानातून थंड डोंगरांकडे निघतात. मेंढ्या, उंट, तंबू, कोंबड्या, पोरंबाळं, सगळा संसार चालत जातो. सोहराब खान हा त्यांतल्या एका तांड्याचा मुख्य. त्याचा तांडा आमच्या गावापासून जीपने अर्ध्या दिवसावर अडकून पडला होता. खानची दाढ सुजली होती आणि त्याला घोड्यावर बसवेना. तो निघेना म्हणून तांडा निघेना, आणि खालचं गवत वाळायला लागलेलं. घोडेस्वार निरोप घेऊन आला आणि नलवडे हत्यारं घेऊन निघाले. मला बरोबर घेतलं, कारण मला फारसी बऱ्यापैकी यायची. नलवड्यांची फारसी म्हणजे मराठीच, जरा जोरात. त्यांना वाटायचं, नाहीतरी आपले निम्मे शब्द तिकडूनच आलेत. आल्या आल्या त्यांनी चहात घालायला दूध मागितलं होतं. फारसीत दूद म्हणजे धूर. एक बाई पळत जाऊन जळती काटकी घेऊन आली.

आता त्यांनी गालिच्याचं एक टोक उलटं केलं, खालचे उभे धागे नखाने खरवडले, एक उपटून चक्क चावला, आणि उठून बसले.

"बाई, ह्यांना सांगा. गालिचा झकास हाय, लई जुना हाय. पण कश्काई न्हवं. कश्काई बायका खाली मेंढीची लोकर घालतात, ह्यात बकरीचे केस हायत. हा लुरी हाय."

मी काही सांगायची गरज पडली नाही. "लुरी" हा शब्द तंबूत सगळ्यांना कळला. चहाचे पेले हातातल्या हातात थांबले. बाहेर एक उंट ओरडला, तेवढाच आवाज.

लुर लोक डोंगराच्या पलीकडच्या अंगाला राहतात. ह्या तांड्याचं आणि त्या पलीकडच्या लुरांचं कुरणावरून पिढ्यान्‌पिढ्या वाकडं. कश्काई खानच्या तंबूत बसून त्याचा गालिचा लुरी आहे म्हणणं, म्हणजे कोल्हापूरच्या माणसाच्या घरी जेवताना 'तांबडा रस्सा पुण्याहून मागवलात का' असं विचारण्यासारखं. त्यातून हा काही साधा गालिचा नव्हता. लाल जमीन, मधोमध एक मोठा पिवळा सिंह, आणि त्या सिंहाच्या तोंडावर असा भाव, की त्याला नुकतंच कुणीतरी झोपेतून उठवलंय. तांड्यात कुणाचं लग्न असो, मयत असो, हा गालिचा अंथरल्याशिवाय काही व्हायचं नाही.

"हा गालिचा," खान सुजलेल्या तोंडाने एकेक शब्द जपून बाहेर काढत म्हणाला, "माझ्या आईने विणलाय."

आणि त्याने कोपऱ्याकडे हात केला. तिथे त्याची आई बसली होती. सगळे तिला बीबी म्हणत. चिमणीएवढी म्हातारी, हातात चाती, लोकर कातत होती. मी आल्यापासून ती एक शब्द बोलली नव्हती, पण ती चहाचा पेला खाली ठेवायची तर सगळ्यांचे पेले खाली जायचे. आत्ताही तिने मान वर केली नाही. चाती गरगरत राहिली.

"डॉक्टरसाहेबांनी शब्द मागे घ्यावा," खान म्हणाला.

मी नलवड्यांना सांगितलं. नलवड्यांनी हाताची घडी घातली.

"न्हाई."

"नलवडे, त्याचा गाल बघा. सूज गळ्याकडे उतरतेय. श्वास अडकेल त्याचा. म्हणा कश्काई आहे, दाढ काढा, आणि चला घरी."

"बाई, तुम्ही बाळंतपणात मुलगी झाली तर बापाला बरं वाटावं म्हणून मुलगा झाला म्हणता का?"

मी खोटं बोलायचं ठरवलं. खानकडे वळून फारसीत म्हणाले, "डॉक्टरसाहेब म्हणतात, त्यांचं गलत झालं."

गलत हा शब्द दोन्हीकडे एकच. नलवडे ताडकन उठले. "गलत? कोण म्हणतंय गलत? गलत न्हाई!" आणि खानच्या तोंडापुढे बोट नाचवत ओरडले, "खरं! खरं! खरं!"

मी ह्या माणसाला किती वेळा बजावलं होतं. आपलं 'खरं' त्यांना 'खर' ऐकू येतं, आणि खर म्हणजे गाढव. पण जिभेची सवय सुटत नाही.

खान एकदा पांढरा पडला, मग लाल. त्याने तोंड घट्ट मिटलं, मान फिरवली आणि चांगला गाल आमच्याकडे केला. एका माणसाने मला हलकेच समजावलं: खान आता ह्या डॉक्टरपुढे तोंड उघडणार नाही. मेला तरी.

पण तंबूत आलेल्या पाहुण्याला न जेवता घालवायचं नाही ही तिथली रीत. त्यामुळे ज्या माणसाने घरच्या गालिच्याला लुरी आणि घरच्या मालकाला गाढव म्हटलं होतं, त्याच्यासमोर भाताचा डोंगर आणि कोकराचं मटण आलं. आम्ही सगळे त्या सिंहाभोवती बसून मुकाट्याने जेवलो. खानला घास उचलता येत नव्हता. तो नुसता बसून नलवड्यांच्या तोंडाकडे बघत होता, आणि नलवडे दोनदा मागून घेत होते.

"मटण मात्र नंबर एक," ते मला म्हणाले. "सांगा त्यांना."

"तुम्ही काही सांगू नका आणि मला काही सांगायला लावू नका."

जेवणं होईतो खानला हुडहुडी भरली. त्याच्या अंगावर घोंगड्या टाकल्या तरी दात वाजत होते, म्हणजे जे वाजवता येत होते ते. मी नाडी बघितली, गळ्याला हात लावून बघितला आणि मला भीती वाटली. खरी भीती. बाईला कळा सुरू झाल्या की मला काय करायचं ते कळतं, पण तोंड मिटून बसलेल्या पुरुषाला कसं उघडायचं हे मिरजेत कुणी शिकवलं नव्हतं. मी त्याला आर्जवं केली. बायकापोरांची शपथ घातली. गवत वाळतंय, मेंढ्या उपाशी आहेत म्हणाले. त्याने नुसती मान हलवली.

नलवडे तंबूच्या तोंडाशी जाऊन उभे होते. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"च्यायला, मरंल की हा," ते पुटपुटले. "गालिच्यापायी माणूस मरावा होय? जाऊ द्या, बाई. म्हणतो कश्काई. म्हणतो माझ्या आज्जीनं विणला, तुमच्या पाया पडून."

ते खानसमोर गुडघ्यांवर बसले. छातीवर हात ठेवला. त्यांना किती जड जात होतं ते मला दिसत होतं. शाळेत न केलेल्या खोडीची माफी मागायला उभ्या केलेल्या पोरासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"खान," ते त्यांच्या फारसीत म्हणाले, "हा गालिचा... कश्..."

"गप," कोपऱ्यातून आवाज आला.

चाती थांबली होती. बीबीने ती मांडीवर ठेवली आणि पहिल्यांदाच आमच्याकडे नीट बघितलं.

"कशाला खोटं बोलायला लावता त्याला? बरोबर बोलला तो. गालिचा लुरी आहे." मग नाक पुसून म्हणाली, "आणि मीही."

सोहराब खानचं तोंड उघडलं. आ वासणं म्हणजे काय ते मी तेव्हा बघितलं. सूज, दुखणं, मान, अपमान, सगळं विसरून त्याचा जबडा खाली आला आणि तसाच राहिला.

"नलवडे," मी ओरडले, "आत्ता!"

नलवडे तसे हाताचे चपळ. माणूस कितीही मूर्खासारखा वागला तरी कामात पक्का होता, हे मला सांगायलाच हवं. सुई आत गेली, बधिरतेचं औषध गेलं, मी खानचं डोकं छातीशी धरलं, नलवड्यांनी त्याच्या दोन दातांमध्ये लाकडाची खुंटी बसवली. आता खानला तोंड मिटायचं म्हटलं तरी मिटता येणार नव्हतं.

"म्हातारी काय म्हणाली?" नलवड्यांनी चिमटा उचलत विचारलं.

"तुम्ही बरोबर होता म्हणाली. लुरीच आहे."

चिमटा हवेत थांबला.

"मी?" नलवडे म्हणाले. "मी बरोबर?" त्यांचे डोळे पाण्याने भरले. "आयला, बाई, खरंच लुरी निघाला?"

"दाढ, नलवडे! दाढ काढा!"

बीबी सरकत जवळ आली आणि मुलाच्या उशाशी बसली.

"हा जन्मल्यापासून गप्प बसलेला नाही," ती मला म्हणाली. "बापही तसाच होता. आज हा गप्प आहे, तर सांगून घेते. किती वेळ लागेल तुम्हाला?"

"दाढ अवघड आहे," मी म्हणाले.

"मग पुरेल."

आणि नलवडे दाढेशी झटत असताना, पू वाटीत पडत असताना, खान डोळे विस्फारून "आ, आ" करत असताना, बीबीने तिची गोष्ट सांगितली. समोरच्या डोंगराच्या पलीकडे एक खोरं आहे. तिथे झरा आहे, अक्रोडाची झाडं आहेत. तिथल्या लुरांची ती मुलगी. एका वसंतात पलीकडून एक तरणाबांड कश्काई हरवलेली घोडी शोधत आला.

"घोडी हरवली नव्हती," बीबी म्हणाली. "मी लपवली होती. तो आदल्या दिवशी झऱ्यावर पाणी पाजायला आला होता तेव्हा मला आवडला होता."

"घोडी?" मी विचारलं.

"दोघंही."

मग त्याच घोडीवर बसून ती दोघं पळाली. पहाटेची थंडी होती म्हणून निघताना जे हाताला लागलं ते तिने पाठीवर ओढलं. तो हा गालिचा. घरी तिनेच तो विणला होता, आईच्या शेजारी बसून. लोकर कमी पडली म्हणून खालचे धागे काळ्या बकऱ्यांच्या केसांचे. तांड्यात आल्यावर नवऱ्याने सगळ्यांना सांगितलं, की ही उत्तरेकडच्या कुठल्याशा लांबच्या शाखेतली कश्काई आहे, म्हणून हिची बोली जरा वेगळी. लुरी सून आणली म्हटलं असतं तर सासूने अन्नपाणी सोडलं असतं. सासू गेली, नवरा गेला. उभं आयुष्य गेलं. बीबीची बोली तांड्याची झाली.

"निघाली!" नलवडे ओरडले. दाढ त्यांनी उजेडात धरली. "काय मुळं हायत बघा! उसाच्या बुडख्यासारखी!"

खानच्या गालात कापसाचा मोठा बोळा कोंबून मी त्याला तो दाबून धरायला सांगितला. संध्याकाळपर्यंत बोलायचं नाही, म्हणाले. तो आईकडे बघत होता. त्या नजरेत काय होतं ते सांगता येणार नाही मला. मांडीखालून ज्याचा घोडा एकाएकी नाहीसा झालाय असा स्वार बघेल तसा.

"आता मला तिकडे ने," बीबी म्हणाली.

"म्म्म," खान म्हणाला. "म्म्म्म!"

"हो म्हणतोय," बीबी म्हणाली आणि चपला शोधायला उठली.

मी नको म्हणायला हवं होतं. ताप होता त्याला. पण पू निघाल्याबरोबर त्याच्या अंगातला थरकाप थांबला होता, आणि खरं सांगायचं तर त्या म्हातारीला नको म्हणायची माझी छाती झाली नाही. जीप होतीच. नलवडे चालवायला, शेजारी खान त्याची दोन कानांची, जाड लोकरी नमद्याची कश्काई टोपी घालून, मागे मी आणि बीबी, आणि आमच्या मांडीवर गुंडाळलेला गालिचा. त्याचं एक टोक प्रत्येक खड्ड्याला खानच्या मानेत घुसत होतं.

बीबी वाट सांगत होती. "मोठ्या झाडापाशी डावीकडे." झाड नव्हतं. "मग काळ्या कुत्र्याच्या घरापाशी वर." कुत्रा तिच्या लहानपणीचा. तरी खिंड सापडली. खिंडीतून खाली उतरलो. मग हळूच मला म्हणाली, "रुमाल सरळ आहे का बघ माझा." मी तो सरळ केला.

अक्रोडाची झाडं होती. झराही होता. दगडी भिंतींची घरं, मधे मधे काळे तंबू. जीप थांबली तशी कुत्री धावून आली आणि त्यांच्यामागून माणसं. कश्काई टोपी बघितल्याबरोबर त्यांनी काठ्या उचलल्या. खान काठी टेकत जीपमधून उतरला. आपण कोण, कशाला आलो, हे त्यानेच सांगायला हवं होतं, आणि त्याच्या तोंडात कापूस. तो छाती काढून म्हणाला, "म्म्म्म."

"मी बोलू का?" नलवड्यांनी विचारलं.

"नाही!" मी म्हणाले.

तेवढ्यात काठ्यांच्या गर्दीतून एक म्हातारा पुढे आला. वाळक्या खारकेसारखा, एका डोळ्यात फूल पडलेलं. त्याने खानकडे बघितलं नाही, माझ्याकडे नाही, जीपच्या दाराशी उभ्या असलेल्या बीबीकडेही नाही. तो सरळ गालिच्याकडे गेला. वाकून एक टोक उलगडलं. सिंहाचं तोंड बाहेर आलं. म्हाताऱ्याने त्या तोंडावरून अंगठा फिरवला.

"मलख," तो म्हणाला. मलख म्हणजे टोळ. पिकं खाणारा. मग मान वर न करता त्याने आवाज चढवला. "मलख! चोरटे! माझा गालिचा!"

ज्या बाईने नुसता पेला खाली ठेवला तर तांडा हलायचा, तिला कुणी टोळ म्हणतंय हे ऐकून खानच्या हातातून काठी पडली.

"अली मुराद," बीबी म्हणाली, "तू अजून मेला नाहीस?"

"कसा मरेन? गालिचा यायचा होता!"

तो तिचा धाकटा भाऊ. गालिचा त्याच्या लग्नासाठी विणलेला होता. गाव गोळा झालेलं होतंच, त्यामुळे त्याने सगळी कैफियत सगळ्यांना ऐकू जाईल अशी मांडली. "वरात दारात आली आणि अंथरायला गालिचा नाही! माझी बायको पोत्यावर बसली. बार्लीच्या पोत्यावर! मरेपर्यंत मला ऐकवत होती, तुझ्या घरात मी पोत्यावरून आले!"

"मग तू विणायचास दुसरा!"

"मी? मी पुरुष आहे!"

"म्हणूनच पोतं मिळालं!"

अली मुरादने एक टोक धरून ओढलं. बीबीने दुसरं धरलं. सिंह ताणला गेला. खान मधे पडायला गेला, तर दोघांनीही त्याला कोपराने ढकललं. त्या दोन म्हाताऱ्यांचं मिळून वजन मिरजेच्या बाजारातल्या एका पोत्याएवढं नसेल, पण कुणी सोडेना.

"मधून कापा की," नलवडे म्हणाले. ते मराठीतच म्हणाले, पण हाताने कातरीची खूण केली. दोघं भावंडं एकदम थबकली, एकमेकांकडे बघितलं, आणि दोघांनी मिळून नलवड्यांना जीपच्या पलीकडे पळवलं.

दमल्यावर अली मुरादने युक्ती केली. गालिचा जमिनीवर अंथरला आणि सिंहाच्या पोटावर मांडी घालून बसला.

"ऊठ," बीबी म्हणाली.

"नाही."

"मला परत जायचंय. उजेड जातोय."

"जा की. गालिचा इथेच राहील."

"गालिच्याशिवाय मी जाणार नाही."

"मग राहा." हे तो जरा हळू म्हणाला.

बीबीने खिंडीकडे बघितलं. तिचा मुलगा इथे, तांडा तिथे, गवत वाळत चाललेलं. ती गालिच्याच्या कडेला उभी राहिली आणि मला पहिल्यांदाच ती थकलेली दिसली. चहा आला. कुणी प्यायला नाही. सूर्य खिंडीवर टेकला.

मग सोहराब खानने तोंडात बोटं घालून कापूस बाहेर काढला. मी ओरडणार होते, पण थांबले. तो अली मुरादसमोर जाऊन उभा राहिला. जीभ अजून बधिर होती, शब्द लडबडत बाहेर आले.

"दायी," तो म्हणाला.

फारसीत मामाला दायी म्हणतात.

काठ्या घेऊन उभे असलेले लोक एकमेकांकडे बघायला लागले. अली मुरादने चांगला डोळा बारीक केला. "कश्काई टोपी घालून मला मामा म्हणतोस?"

खानने टोपी काढली. त्याचं टक्कल उन्हाने रापलेल्या चेहऱ्यापेक्षा खूप गोरं होतं. टोपी काखेत धरून तो पुन्हा म्हणाला, "मामा. जीपमध्ये जागा आहे. गालिच्यासकट चला."

म्हाताऱ्याने त्याला खाली वाकायची खूण केली. खान वाकला. अली मुरादने दोन बोटांनी त्याचा सुजलेला गाल चाचपला.

"ही बाजू? सगळ्यात मागची दाढ?"

खानने मान हलवली.

"आमच्या बापाची हीच दाढ. माझीही हीच." तो गर्दीकडे वळून म्हणाला, "आपलाच आहे."

काठ्या खाली गेल्या. पण तो गालिच्यावरून उठला मात्र नाही. उठलो तर मलख दगा देईल, म्हणाला. शेवटी चार माणसांनी गालिच्याचे चार कोपरे धरले आणि सिंहासकट, अली मुरादसकट, सगळं उचलून जीपमध्ये ठेवलं. मला बसायला जागा उरली नाही. मी आणि बीबी पुढे, नलवड्यांच्या शेजारी दाटीवाटीने. खान मागे, मामाच्या पायांशी. खिंडभर तो मामाला काही ना काही विचारत होता. मी त्याला गप्प बसायला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याचा ताप उतरला आणि तांडा हलला. तंबू उतरले, उंट बसवले गेले. सगळ्यात शांत उंटाच्या पाठीवर गालिचा टाकून त्यावर अली मुरादला चढवलं. लुरी खोऱ्यातला म्हातारा कश्काई तांड्याच्या पुढे, असं त्या डोंगरांनी आधी बघितलं असेल असं मला वाटत नाही. तांड्यातली माणसं अजून जरा बिचकून होती. पण बीबी चातीला लोकर गुंडाळत सगळ्यांसमोरून गेली, तशी त्यांनी त्यालाही वाकून सलाम केला.

मी तिला निरोप द्यायला गेले. म्हटलं, "बीबी, इतकी वर्षं बोलला नाहीत, मग कालच कशाला?"

तिने नलवड्यांकडे बघितलं. ते आमच्या जीपचं पुढचं चाक लाथेने तपासत होते.

"ह्या गालिच्यावर खूप लोक बसून गेले," ती म्हणाली. "सगळे म्हणाले, काय सुंदर आहे. हा कुठून आला, असं ह्या येड्याशिवाय कुणी विचारलं नाही."

"मलख!" उंटावरून हाक आली. "इथे टोचतंय मला! विणताना गाठी मारायचं ज्ञान नव्हतं तुला!"

"खाली उतर आणि चालत ये मग!"

"उतरणार नाही!"

बीबीसाठी घोडा तयार होता. जीन चढवलेला, लगाम खानने स्वतः धरलेला. तिने त्याला हातानेच नको म्हटलं आणि उंटाच्या कडेने चालायला लागली. गालिच्याची एक किनार खाली लोंबत होती. ती तिने मुठीत घट्ट पकडली होती. भाऊ पडू नये म्हणून, की गालिचा घेऊन पळू नये म्हणून, ते मला अखेरपर्यंत कळलं नाही.